डाव्या हाताची सही

पूर्व टोलेडोत व्हर्नन पास्तोरला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायको, इलोना, जाऊन बरीच वर्षं झाली होती. काचेच्या कारखान्यातले सोबती एकेक करून सेंट स्टीफनच्या चर्चमधून आडवे होऊन बाहेर पडले होते. औषधांच्या दुकानातली मुलगी त्याला 'आजोबा' म्हणायची, पोस्टमन नुसती मान हलवायचा. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी फोन वाजला आणि पलीकडून कोणी पूर्ण नाव घेऊन विचारलं, "व्हर्नन पास्तोर? बेसबॉलवाले पास्तोर?" तेव्हा त्याने उलटच विचारलं.

"कोण बोलतंय?"

"मी डेल प्रूइट, फोर्ट वेनहून. तुम्ही तेच ना, डेट्रॉइटकडून खेळलेले? डावखुरे?"

"होतो खरा. पण त्याला आता जमाना झाला."

"अहो, तुम्ही जिवंत आहात!"

"सकाळी उठलो तेव्हा तरी होतो."

पलीकडचा माणूस इतका मोठ्याने हसला की व्हर्नने फोन कानापासून लांब धरला. मग डेलने सांगितलं ते असं: जुन्या खेळाडूंच्या सह्या गोळा करणाऱ्या लोकांत एक यादी फिरत असते, आणि त्या यादीत व्हर्नन पास्तोर टेक्ससमध्ये केव्हाच वारले होते.

"तो दुसरा कोणी पास्तोर असणार," व्हर्न म्हणाला. "बिचारा. त्याला माझ्या नावाने रडलं नसेल ना कोणी?"

डेलला हवी होती एक सही. व्हर्न खेळायचा त्या काळी च्युइंगगमच्या पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डं मिळायची. त्रेसष्ट सालच्या एका कार्डावर चार नव्या पोरांचे चेहरे चार गोलांत छापले होते. चौघं चार वेगळ्या संघांतले. छापखान्याने वेगवेगळ्या फोटोंतली डोकी कापून शेजारी शेजारी बसवली होती. वरच्या डाव्या गोलात लेस्टर गॅव्हिन होता. तो पुढे एवढा मोठा झाला की त्याच्या गावात त्याचा पुतळा आहे. खालच्या उजव्या गोलात कान बाहेर आलेला, टोपी जरा मोठी झालेला व्हर्नन पास्तोर होता. लोक कार्ड घ्यायचे ते गॅव्हिनसाठी. बाकीचे तिघं त्याच्याबरोबर फुकट यायचे, कलिंगडात बिया याव्या तसे.

डेलकडच्या कार्डावर तिघांच्या सह्या होत्या आणि ते तिघंही आता या जगात नव्हते. एकच गोल कोरा होता.

"बर्फ वितळलं की मी स्वतः येतो," डेल म्हणाला. "टपालाने पाठवायचं धाडस होत नाही हो. तोवर अधूनमधून फोन केला तर चालेल?"

"मी कुठं जातोय?"

डेल पुढच्या रविवारी बोलला. त्याच्या पुढच्याही. तो घरं गरम ठेवणारी यंत्रं विकायचा, बोलण्यात पटाईत होता, आणि रविवारी दुपारी त्याची बायको तिच्या आईकडे जायची. व्हर्नला हे फोन हवेहवेसे वाटू लागले. शनिवारपासूनच तो काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करायचा. दाढी सहसा सोमवारी करायचा, ती रविवारी सकाळी करू लागला, जसं काही फोनमधून कोणी पाहणार होतं.

पण डेलला गॅव्हिनबद्दल ऐकायचं असायचं. "माणूस कसा होता? तुमच्याशी कसा वागायचा?"

खरं सांगायचं तर व्हर्न लेस्टर गॅव्हिनला कधी भेटलाच नव्हता. दोघं वेगळ्या साखळी स्पर्धांत खेळायचे. पहिल्याच वेळी त्याने ते सांगायला हवं होतं. पण सांगितलं आणि फोन बंद झाला तर? तो म्हणाला, "होता आपला. भुकेला असायचा सारखा." डेल हसला. मग पुढच्या रविवारी त्या भुकेची गोष्ट झाली. फ्लोरिडात सरावाच्या दिवसांत दोघं एकाच बाईकडे भाड्याने राहायचे, आणि गॅव्हिनने व्हर्नचे डब्यातले पीच रात्रीतून फस्त करून रिकाम्या डब्यात पाणी भरून ठेवलं होतं, अशी. गोष्ट चांगली जमली होती. सांगताना व्हर्नला ते पाणीसुद्धा दिसलं.

एप्रिलच्या सुरुवातीला डेल आला. चाळिशी उलटलेला, गोल चेहऱ्याचा, दारातच पाय पुसून पुसून आत येणारा माणूस. व्हर्नने कोंबडीचं पापरिकाश, लाल मिरचीचा हंगेरियन रस्सा, केलं होतं, आणि शेजारच्या हंगेरियन बेकरीतून खसखस भरलेली गोड गुंडाळी आणली होती. टेबलावर इलोनाचा धुतलेला टेबलक्लॉथ होता.

"अरे वा, एवढं कशाला?" डेल म्हणाला, पण खुर्चीवर टेकायच्या आधी त्याने पिशवीतून एक छोटी पेटी काढली, हात धुतले, कोरडे केले, पांढरे हातमोजे चढवले आणि कार्ड बाहेर काढून मऊ कापडावर ठेवलं.

व्हर्न वाकून पाहू लागला. त्याच्याजवळ स्वतःचं कार्ड नव्हतं. इलोनाने एक जपून ठेवलं होतं, ते तळघरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेलं. हा पोरगा कोण, असं त्याला वाटलं. बावीस वर्षांचं तोंड, आणि डोळ्यांत एवढा विश्वास की पाहवेना.

"निळ्या शाईचं पेन आहे. आडवी सही करा, टोपीच्या खालून. घाई नाही."

व्हर्नने पेन डाव्या हातात घेतलं.

"तुम्ही डाव्याने लिहिता?" डेलने विचारलं.

"आता लिहितो. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात कामातून गेला. चमचाही धरत नाही." त्याने पेन बोटांत नीट बसवलं. "जन्माने डावराच आहे मी. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा डाव्या हातावर पट्टी मारायची, म्हणून लिहायला उजव्याने शिकलो. चेंडूला काही तिने पट्टी मारली नाही."

त्याने आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रांवर सराव केला होता. सही उतरली. जरा वाकडी, अक्षरं मागे झुकलेली, पण पूर्ण. डेलने श्वास सोडला आणि कार्डावर फुंकर घालावी की नाही अशा बेतात तोंड तसंच उघडं ठेवलं. मग जेवायला बसला खरा, पण दोन घास खायचा आणि मान वळवून शाई वाळली का बघायचा. पापरिकाश थंड झालं. निघताना त्याने व्हर्नला मिठी मारली.

"आता हे पारख्यांकडे जाईल," तो म्हणाला. "त्यांचा शिक्का बसला की झालं. रविवारी फोन करतोच."

पारखी म्हणजे त्या धंद्यातली कोर्टकचेरीच. कार्ड खरं की बनावट, कोपरे झिजलेत का, कडा कोणी कातरल्यात का, चित्र मधोमध आहे की सरकलेलं, हे सगळं ते भिंगाखाली पाहतात, दहापैकी गुण देतात आणि कार्ड कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. सही असली तर तीही तपासतात. त्या प्लास्टिकवरची चिठ्ठी काय म्हणते तेवढंच बाजारात चालतं. मालक काय म्हणतो त्याला कोणी विचारत नाही.

पुढचे काही रविवार डेल फोनवर त्या चिठ्ठीचीच वाट बघत होता. मग एका मंगळवारी फोन वाजला. मंगळवार म्हटल्यावर व्हर्नने पहिल्याच घंटेला उचलला.

"परत आलं," डेल म्हणाला. आवाजात हसू नव्हतं. "तिघांच्या सह्या खऱ्या. तुमची संशयास्पद."

"माझी? तुझ्या डोळ्यांदेखत केली ना मी!"

"त्यांच्याकडे तुमच्या जुन्या करारावरची सही आहे. ती वेगळीच आहे, गोल गोल, पुढे झुकलेली. मी त्यांना झटक्याचं सांगितलं. ते म्हणाले, प्रत्येकाकडे काहीतरी कहाणी असतेच."

"मग आता?"

"आता काय! चांगल्या कार्डावर कोणीतरी रेघोट्या मारल्यासारखं झालंय." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "व्हर्न, एक विचारू? राग मानू नका. फ्लोरिडातली ती पीचची गोष्ट कोणत्या वर्षीची?"

"त्रेसष्ट. वसंतातली."

"गॅव्हिन त्या वसंतात सैन्यात होता. जॉर्जियात. मी बघितलं."

व्हर्न फोन धरून खुर्चीत बसला.

"मी काही म्हणत नाही," डेल म्हणाला. "पण यादीत तुम्ही वारलेले. सही जुळत नाही. आणि गोष्ट अशी. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?"

डेलने फोन ठेवला. त्या रविवारी फोन आला नाही. त्यानंतरच्याही नाही. व्हर्न दाढी पुन्हा सोमवारी करू लागला, आणि मग कधीतरी सोमवारीही करायचा राहिला. त्याला पैशांचं, कार्डाचं काही नव्हतं. पण आपण दुसऱ्याच कोणाचं नाव लावून बसलेले लबाड आहोत असं फोर्ट वेनमधल्या एका माणसाला वाटतंय, हे त्याला बोचत होतं. आणि त्या माणसाखेरीज त्याच्याबद्दल काही वाटणारं दुसरं कोणी नव्हतंच.

जुलैत त्याने वर्तमानपत्रात वाचलं की क्लीव्हलंडला कार्डांचं मोठं प्रदर्शन भरतंय आणि पारख्यांची कंपनी तिथे जागेवरच तपासणी करणार आहे. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, वाहन परवाना, कारखान्याचं पेन्शनचं ओळखपत्र आणि लग्नातला एक फोटो पाकिटात घातला आणि सकाळच्या बसमध्ये बसला.

सभागृह विमान ठेवता येईल एवढं मोठं होतं. टेबलामागे टेबलं, टेबलांवर काचेच्या पेट्या, आणि पेट्यांवर ओणवी झालेली माणसं. सगळे कार्डांकडे बघत होते, वर कोणी बघत नव्हतं. व्हर्नला दोनदा धक्के बसले. "आजोबा, रांग तिकडून," कोणीतरी म्हणालं. पारख्यांच्या टेबलाशी पोहोचेपर्यंत त्याचा उजवा पाय ओढायला लागला होता.

टेबलामागे साठीतली एक बाई बसली होती. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, समोर दिवा, आणि कागदाच्या पुडीत खारवलेली प्रेट्झेल बिस्किटं. छातीवरच्या पट्टीवर 'क्विग्ली' लिहिलं होतं.

"काय तपासायचंय?" तिने विचारलं.

"मला."

तिने चष्मा लावून त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या कोपऱ्यांची बरीच झीज झालेली दिसते."

व्हर्नला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुढचं सांगता आलं. नाव सांगितलं, कार्ड सांगितलं, सही परत आली तेही सांगितलं. परवाना, ओळखपत्र, फोटो टेबलावर मांडला. मिसेस क्विग्लीने ते नीट पाहिलं.

"तुम्ही तुम्हीच आहात, याबद्दल मला शंका नाही, मिस्टर पास्तोर," ती म्हणाली. "पण आम्ही माणसं तपासत नाही. सही तपासतो. ती सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही, एवढंच आम्ही म्हणालो."

"पण केली मीच ना."

"तसं सगळेच म्हणतात." मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर खिळलं. "जरा डावीकडे वळा. अजून. हां." ती बराच वेळ बघत राहिली. "चेहरा बदलतो, कान बदलत नाही. तो वरून मुडपलेला कान मी कुठेही ओळखीन."

"तुम्ही मला ओळखता?"

"मी किती वर्षं तुम्हाला बघतेय!" ती म्हणाली. "या कार्डाची बनावट कार्डं ढिगाने येतात. सगळे गॅव्हिनचा चेहरा बघतात, म्हणून बनवणारेही त्याच्यावरच मेहनत घेतात. खऱ्या कार्डात तुमच्या टोपीच्या टोकाशी छपाईचा एक निळा ठिपका राहून गेलाय, मोहरीच्या निम्म्याएवढा. बनवणाऱ्यांना तो धुळीचा डाग वाटतो, ते पुसून टाकतात. हे कार्ड हातात आलं की मी आधी तुमच्याकडे बघते. तुम्ही खरे असलात तर बाकीचे तिघेही खरे."

व्हर्नने खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. इतकी वर्षं कुठल्याशा दिव्याखाली एक अनोळखी बाई रोज नाही तरी दर आठवड्याला आपल्याकडे निरखून बघत होती, हे त्याला कसं घ्यावं कळेना.

"मला वाटायचं तुम्ही गेलात," ती म्हणाली.

"तशी अफवा आहे."

मग तिने कामाला सुरुवात केली. नियम असा निघाला की कंपनीच्या दोन माणसांसमोर, ओळख पटवून, जिवंत माणसाने नव्या सह्या दिल्या तर त्या नमुना म्हणून ठेवता येतात. तिने शेजारच्या टेबलावरून एकाला साक्षीला बोलावलं, व्हर्नला कडेला खुर्ची दिली आणि कोऱ्या कागदांची चळत पुढे सरकवली.

"हात थकेपर्यंत लिहा. एकसारखी काढायचा प्रयत्न करू नका. खरी सही दर वेळी थोडी वेगळी येते. हुबेहूब फक्त बनावटच येते."

व्हर्न लिहू लागला. व्हर्नन पास्तोर. व्हर्नन पास्तोर. आधी हात अवघडला, मग सैल पडला. मान वर केली तेव्हा समोर चारपाच माणसं उभी होती. एवढ्या मोठ्या प्रदर्शनात कोणी खुर्चीत बसून सह्या करतोय म्हणजे तो कोणीतरी असणारच, असा हिशोब करून त्यांनी रांग लावली होती. बघता बघता रांग पुढच्या वळणापर्यंत गेली.

"सर, माझ्या चेंडूवर?" पहिल्याने विचारलं.

"मी कोण माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही," माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "पण मागे सगळे म्हणतायत तुम्ही फार मोठे होतात."

"मागच्यांना सांगा, मी नमुने देतोय. जसे दवाखान्यात देतात."

रांगेत हशा पिकला, पण बरेचजण हलले नाहीत. एका बाईने टोपी पुढे केली. दुसऱ्याने प्रवेशाचं तिकीट. व्हर्नने सगळ्यांना सह्या दिल्या. कोणी विचारलं तर तो सांगायचा, "एका वर्षीचा सप्टेंबर महिना आणि पुढच्या वर्षीचा अर्धा उन्हाळा खेळलो. बस्स." मिसेस क्विग्लीने त्याच्यापुढे प्रेट्झेलची पुडी सरकवली. तो अर्धा तास त्याला फार बरा गेला.

डेल प्रूइट त्याच सभागृहात होता. तो अशा प्रदर्शनांना जायचाच, आणि ते कार्डही बरोबर आणलं होतं, कोणी पडत्या भावात घेतं का बघायला. रांग कसली म्हणून पाहायला आला आणि समोर व्हर्न दिसला तसा जागीच थिजला.

"तुम्ही इथं कसे?"

"बसने," व्हर्न म्हणाला.

डेलचा चेहरा लाल झाला. त्याने कार्ड मिसेस क्विग्लीच्या हाती दिलं. ती ते दिव्याखाली धरून, नव्या कागदांशी ताडून बघत असताना दोघं शेजारी शेजारी उभे राहिले.

"आणि ती पीचची गोष्ट?" डेलने हळूच विचारलं.

"गोष्ट खोटी होती. सही खरी आहे."

"कशाला सांगितलीत मग?"

व्हर्नने खांदे उडवले. "तू विचारायचास."

डेल खाली बघत राहिला. तेवढ्यात मिसेस क्विग्लीने भिंग खाली ठेवलं, साक्षीदाराशी दोन शब्द बोलली आणि मान हलवली. चारही सह्या खऱ्या. दुपारनंतर कार्ड प्लास्टिकमध्ये बंद होऊन आलं, वर चौघांची नावं असलेली चिठ्ठी. डेलने ते दोन्ही हातांनी उचललं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. त्याने व्हर्नला घट्ट मिठी मारली.

"माफ करा मला. खरंच. तुमच्यावर शंका घेतली मी."

"सोड रे."

"मी जेवायला घेऊन गेलो असतो, पण हे व्यापारी लोक... आत्ताच तिघांनी बोलावलंय. समजून घ्या. रविवारी नक्की फोन करतो."

"कर," व्हर्न म्हणाला.

मिसेस क्विग्लीने उठून त्याचा हात हातात घेतला, डावा. "आम्हाला ओळखीपाळखी ठेवायची मुभा नसते, मिस्टर पास्तोर. उद्या कोणी म्हणायला नको की ओळखीच्या माणसाची सही पास केली." ती हसली. "पण कार्डं येत राहतील. माझी नजर असेल तुमच्यावर."

बसमध्ये खिडकीशी बसून तो टोलेडोला परतला. शेजारच्या जागेवर कोणी नव्हतं, म्हणून टोपी तिथं ठेवली.

त्या रविवारी डेलचा फोन आला. घाईत होता, पण आनंदात. पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतर एकदा आला, तो गाडी चालवत होता, आवाज तुटत होता. मग येईनासाच झाला. सप्टेंबर उजाडला. व्हर्नने बराच विचार केला आणि एका रविवारी दुपारी स्वतःच नंबर फिरवला.

"अरे व्हर्न! कसे आहात?" डेल म्हणाला. "सांगायचंच राहिलं, कार्ड विकलं. इतकं चांगलं गिऱ्हाईक आलं की विचारू नका."

"कोणी घेतलं?"

"माणूस नाही तसा कोणी. एक कंपनी आहे, त्यात बरेच लोक थोडा थोडा वाटा घेतात. कार्ड डेलावेअरच्या तिजोरीत असतं. आतली हवासुद्धा मोजून सोडतात."

"मग ते बघतं कोण?"

"बघायचं काय त्यात? किंमत वाढते ना." मागे टीव्हीवर सामना चालू होता, कोणीतरी डेलला हाक मारली. "बरं, मी करतो हं फोन."

व्हर्नने फोन ठेवला. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला. बेकरीसमोरून एक कुटुंब चर्चहून परतत होतं. त्यांनी हात केला, यानेही केला. कोण होते ते त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी त्याने सकाळी दाढी केली. दुपारी सूप केलं, पण गॅसवरून उतरवून तसंच ठेवलं आणि फोर्ट वेनचा नंबर फिरवला. घंटा बराच वेळ वाजली. मग यंत्रातून डेलच्या बायकोचा आवाज आला, आम्ही सध्या घरी नाही, निरोप ठेवा. शिट्टी वाजली.

व्हर्नला निरोप असा काही नव्हता. तो फोन ठेवणारच होता.

"डेल, मी व्हर्न," तो म्हणाला. "काही विशेष नाही. तू गॅव्हिनचं विचारायचास, माझं कधी विचारलं नाहीस, म्हणून राहून गेलं. मी एक सामना जिंकला होता. खरंच जिंकला होता, तुला कुठेही बघायला मिळेल. डेट्रॉइटला, सप्टेंबर संपता संपता. कडाक्याचा गारठा. दोन्ही संघांना हरलं काय जिंकलं काय सारखंच, त्यामुळे बघायला कुत्रं नव्हतं. इलोना होती. आमचं लग्न व्हायचं होतं. काकांचा ओव्हरकोट घालून बसली होती, मांडीवर पोगाचांची, आपल्या खाऱ्या हंगेरियन पावांची, पिशवी. आमचा चेंडू झेलणारा म्हातारा, गुडघे गेलेला. मला म्हणतो, पोरा, मला फार वाकायला लावू नकोस. म्हणून मी सगळे चेंडू वरच टाकले, आणि काय गंमत, त्या दिवशी त्यांना ते लागतच नव्हते. सातव्या डावात त्यांचे दोन गडी तळांवर, आणि समोर आला तो त्यांचा..."

शिट्टी वाजली आणि लाइन तुटली.

व्हर्नने पुन्हा नंबर फिरवला. बाई पुन्हा म्हणाली, आम्ही घरी नाही. तो शिट्टी होईपर्यंत थांबला.

"हां, तर सातवा डाव," तो म्हणाला, आणि खुर्ची भिंतीपासून पुढे ओढून बसला. त्या धिप्पाड गड्याला कसं बाद केलं ते त्याने सांगितलं. आठव्यात बोटं गोठली तेव्हा म्हाताऱ्याने स्वतःच्या कॉफीचा कप आणून त्याच्या हातात कसा धरवला, तेही सांगितलं. यंत्राने पुन्हा तोडलं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फक्त शेवटचा, नववा डाव राहिला होता. तो त्याने घाई न करता सांगितला, चेंडूमागून चेंडू, मधे आठवायला थांबत.

"मग संपलं," तो म्हणाला. "हात हलवायला कोणी नव्हतं, तरी मी टोपी काढली. इलोना उभी राहिली होती. बरं, ठेवतो आता. सूप निवलं असेल."

सूप निवलं होतं. त्याने गॅस पेटवला, पातेलं वर ठेवलं आणि चमच्याने हळूहळू ढवळत उभा राहिला.